प्रतिपक्षातील वीरांची गणती

कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये समोरासमोर उभी ठाकल्यावर दुर्योधन प्रथम द्रोणाचार्यांकडे गेला आणि त्याने पांडवपक्षातील वीरांची नावे एकामागून एक सांगितली. युयुधान, विराट, द्रुपद, धृष्टकेतु, चेकितान, सौभद्र, द्रौपदीचे पुत्र अशी ती यादी आहे, आणि हे सर्व भीमार्जुनांच्या तोडीचे आहेत अशी पुस्तीही तिला जोडलेली आहे. यादी खोटी नव्हती. तथापि दुर्योधनाच्या ह्या गणतीत शिखंडीचे नाव नाही, आणि श्रीकृष्णाचेही नाही. पुढे भीष्म कोणाच्या आडून पडले आणि युद्ध कोणाच्या सल्ल्याने फिरले हे सर्वांस ठाऊकच आहे.

प्रतिपक्षाची पारख करताना डोळ्यांत भरणाऱ्या माणसावर नजर खिळते आणि बाजूस उभा असलेला निसटतो. ही गोष्ट रणांगणापुरती नाही. अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासात ह्याचे एक फार बोलके उदाहरण आहे. ते म्हणजे ता. ९ नोव्हेंबर १९१२ रोजी न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीच्या काठी, वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालय आणि पेनसिल्व्हानियातील कार्लाइल येथील शाळा ह्यांच्यात झालेला सामना.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायाने खेळतात तो खेळ नव्हे. त्यात चेंडू लंबगोल असतो, तो मुख्यतः हातात घेऊन धावावयाचे असते, आणि धावणाऱ्यास अंगाने भिडून पाडावयाचे असते. हुतूतूतील झोंबी आणि मल्लांची टक्कर ह्यांचा तो मेळ आहे असे म्हटल्यास फारशी चूक होणार नाही. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी असतात. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकता आले तर चेंडू आपल्याकडे राहतो, न आले तर तो प्रतिपक्षास द्यावा लागतो. चौथा डाव मिळण्याचा नियम १९१२ सालीच आला. चेंडू प्रतिपक्षाच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला म्हणजे टचडाउन होतो. त्याचे सहा गुण हीदेखील त्याच सालची दुरुस्ती. त्यानंतर लाथेने चेंडू खांबांमधून घालविल्यास आणखी एक गुण मिळतो. शिवाय त्या काळी तेच अकरा जण हल्लाही करीत आणि बचावही करीत. त्यामुळे एकाच माणसाचे नाव सर्वतोमुखी होण्यास पुष्कळ वाव होता.

१९१२ साली असे नाव एकच होते. जिम थॉर्प हा सॅक अँड फॉक्स जमातीचा तरुण, जन्म इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात. त्या वर्षीच्या जुलैत स्टॉकहोमच्या ऑलिंपिक क्रीडांत त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ह्या दोन्ही शर्यतसंचांत सुवर्णपदके मिळविली होती. धावणे, उड्या, थाळीफेक, भालाफेक, सगळ्यांतच तो पुढे. परत आल्यावर न्यूयॉर्क शहरात त्याची मिरवणूक निघाली. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९११ च्या नोव्हेंबरात, त्याने हार्वर्डसारख्या मातबर विद्यापीठाविरुद्ध दुखऱ्या पायाला पट्ट्या बांधून चार फील्ड गोल मारले होते, आणि कार्लाइलने तो सामना १८ विरुद्ध १५ असा जिंकला होता. त्या दिवशी हार्वर्डचे शिक्षक पर्सी हॉटन ह्यांनी आपले पहिले अकरा जण बराच वेळ बाहेर बसवून ठेवले होते. प्रतिपक्षास कमी लेखण्याची ती किंमत. वेस्ट पॉइंटने ही चूक करावयाची नाही असे ठरविले होते. त्यांनी दुसऱ्याच प्रकारची केली.

वेस्ट पॉइंटच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा बावीस वर्षांचा एक विद्यार्थी हाफबॅक होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्तसैन्याचा सेनापती आणि १९५३ पासून अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच हा. बचावाच्या वेळी त्याची जागा पुढच्या फळीच्या मागे असे, म्हणजे फळी फोडून येणारा थॉर्प प्रथम त्याच्याच अंगावर येणार. आयझेनहॉवर आणि त्याचा सोबती चार्ल्स बेनेडिक्ट ह्यांनी आपसांत ठरविले की दोघांनी मिळून थॉर्पला गाठावयाचे. एकाने वरून धडक द्यावयाची, दुसऱ्याने खालून पाय धरावयाचे, म्हणजे तो पुन्हा उठून खेळू नये. थॉर्प गेला की कार्लाइल गेले, असा हा साधा हिशेब होता. संघाचा कर्णधार लेलँड डेव्होर हा टॅकल सहा फुटांहून पुष्कळ उंच आणि वजनाने दोनशे पौंडांच्या बराच वर होता. त्याच्यासमोर कार्लाइलची फळी टिकणार नाही ही ह्या हिशेबाची दुसरी बाजू.

हा हिशेब मूर्खपणाचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. त्या एका हंगामात थॉर्पच्या नावावर २५ टचडाउन लागले. असा गडी समोर असता त्याच्यावर दोन माणसे घालणे ही व्यवहाराचीच गोष्ट आहे, आणि आजही कोणताही शिक्षक सामन्याच्या आदल्या आठवड्यात फळ्यावर प्रथम असेच एक नाव लिहितो. उणीव होती ती पुढच्या ओळींत. गस वेल्च, अलेक्स अर्कासा, जो गायन, स्टॅन्सिल पॉवेल, जो बर्जी ही नावे वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत नव्हती, आणि म्हणून ती हिशेबातही आली नाहीत.

आता कार्लाइल येथे काय चालले होते ते पाहिले पाहिजे, आणि त्यासाठी ती शाळा काय होती हे सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची, ज्यांना त्या काळी रेड इंडियन म्हणत त्यांची, मुले आईबापांपासून दूर आणून त्यांना गोऱ्या लोकांच्या रीतीचे वळण लावावे ह्या हेतूने रिचर्ड हेन्री प्रॅट ह्या सेनाधिकाऱ्याने १८७९ साली एका जुन्या लष्करी बराकीत ती काढली. मुलांचे केस कापीत, नावे बदलीत, मातृभाषेत बोलल्यास शिक्षा करीत. कित्येक मुले रोगाने तेथेच दगावली. त्यांपैकी कित्येकांची थडगी आजही त्या आवारात आहेत. फुटबॉलला प्रॅटचा आरंभी विरोध होता. एका मुलाचा पाय मोडल्यावर त्याने बाहेरचे सामने बंदच केले. तेव्हा मुलांचे एक मंडळ त्याच्या कचेरीत गेले आणि त्यांनी इतक्या नेटाने आपली बाजू मांडली की त्याला मान्य करावे लागले. त्याने दोन अटी घातल्या: समोरच्याने गुद्दा मारला तरी तुम्ही मारावयाचा नाही, आणि काही वर्षांत देशातील सर्वांत मोठा संघ हरवावयाचा. दुसऱ्या अटीत अभिमान दिसतो, परंतु पहिलीत त्याचा व्यवहार दिसतो. इंडियनाने हात उगारला की लोक त्याला रानटी म्हणतील हे तो जाणून होता.

ह्या मुलांपाशी वजन नव्हते आणि संख्याही नव्हती. म्हणून त्यांचा शिक्षक ग्लेन वॉर्नर, ज्याला सगळे पॉप वॉर्नर म्हणत, ह्याने बुद्धीचा आणि चपळाईचा खेळ बसविला. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध त्यांनी चेंडू एका गड्याच्या सदऱ्याच्या पाठीत दडविला आणि तो गडी सरळ चालत्या गर्दीतून धावत जाऊन टचडाउन करून आला. हार्वर्डचे लोक इकडे चेंडू शोधीतच राहिले. तो सामना हार्वर्डने ११ विरुद्ध १२ असा एका गुणाने जिंकला, पण लोकांच्या लक्षात चेंडूच राहिला. १९०६ साली चेंडू पुढे फेकण्यास नियमाने परवानगी मिळाली तेव्हा मोठमोठी विद्यापीठे ती पोरकट गोष्ट समजत होती. कार्लाइलने मात्र पुढच्याच वर्षी तिचा सपाटून उपयोग करून पेनसिल्व्हानिया विद्यापीठास २६ विरुद्ध ६ असे हरविले.

वेस्ट पॉइंटसाठी वॉर्नरने जी मांडणी योजली होती तिला पुढे दुहेरी पंख असे नाव पडले. तीत दोन्ही हाफबॅक मागे उभे न राहता फळीच्या दोन टोकांशी, जणू पक्ष्याच्या पंखांप्रमाणे, उभे राहत. तेथून कोणी आत वळून चेंडू घेई, कोणी बाहेरून फिरे, कोणी पुढे पळून फेकलेला चेंडू झेली. कोणता गडी चेंडू घेणार हे शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे. अशा मांडणीत थॉर्पसारखा गडी असणे ह्याचा अर्थ दुहेरी होतो. चेंडू त्याच्या हाती असला तर तो धोका आहेच, परंतु नसला तरी दोन-तीन माणसे त्याच्याकडे ओढली जातात. वेस्ट पॉइंटने थॉर्पवर दोन माणसे नेमली होती. म्हणजे वॉर्नरला जे हवे होते तेच त्यांनी आपण होऊन केले होते.

कार्लाइलनेही वेस्ट पॉइंटची पारख केली होती, आणि ती अधिक बारकाईची होती. डेव्होरचा आकार मोठा आहे हे कोणालाही दिसले असते. पण मोठ्या माणसाच्या छातीवर जाऊन आदळण्यापेक्षा त्याच्या पायांशी, खालून, वेगाने शिरावे हे ओळखणे ही पारख होय. त्याच्यासमोर जो गायन हा चिपेवा जमातीचा टॅकल उभा होता. गायन त्याच्याहून पुष्कळ हलका होता, पण त्याची पहिली पावले विलक्षण जलद पडत.

सामन्यापूर्वी वॉर्नरने मुलांना फार थोडे सांगितले असे म्हणतात. समोरच्या मुलांच्या बापांनी आणि आजांनी तुमच्या बापांशी आणि आजांशी लढाया केल्या, एवढेच. वुंडेड नी येथे सैन्याने सू लोकांची कत्तल केली ती डिसेंबर १८९० मध्ये. तिला अजून पुरती बावीस वर्षेही झाली नव्हती. समस्त इंडियनांस अमेरिकेचे नागरिकत्व मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले. तेव्हा वॉर्नरला अधिक बोलण्याची गरज नसावी.

पहिला अर्धा भाग वेस्ट पॉइंटला अनुकूल वाटावा असाच गेला. हात उगारल्याबद्दल पॉवेलला पंचाने बाहेर काढले. प्रॅटची पहिली अट मोडली ती येथे, आणि तिचा दंडही संघास बसला. वेस्ट पॉइंटने पहिला टचडाउन केला. मागची लाथ मात्र चुकली. थॉर्पलाही एकदा जबर धडक बसली आणि तो निपचित पडला. नियमाप्रमाणे ठराविक वेळात न उठणाऱ्यास बाहेर जावे लागे. पंच घड्याळ पाहू लागला तेव्हा डेव्होरनेच त्याला सांगितले की आम्ही वेस्ट पॉइंटचे लोक असल्या बारीकसारीक नियमांवर बोट ठेवीत नाही, त्याला हवा तेवढा वेळ द्या. ही हकीकत अनेकांनी सांगितली आहे, आणि डेव्होरविषयी बोलताना ती वगळणे अन्यायाचे होईल. थॉर्प उठला. बर्जीने फळी फोडून टचडाउन केला, थॉर्पने लाथ साधली, आणि मध्यंतरास कार्लाइल ७ विरुद्ध ६ असे एका गुणाने पुढे होते.

मध्यंतरानंतर डेव्होरचा संयम सुटला. गायन सबंध अर्धा वेळ त्याच्या खालून, बाजूने, मागून निसटत होता, आणि एवढ्या मोठ्या देहाला हे सहन होण्यासारखे नव्हते. त्याने गायनवर अशी धाव घेतली की पंचाने त्यालाही बाहेर काढले. ज्याच्या वजनावर अर्धा हिशेब उभा होता तो कर्णधार कडेला जाऊन बसला.

उरलेल्या अर्ध्या हिशेबाची गत अधिक विनोदी झाली. आयझेनहॉवर आणि बेनेडिक्ट संधीची वाट पाहत होते. एकदा थॉर्प चेंडू घेऊन सरळ त्यांच्याकडे येताना दिसला. दोघे दोन बाजूंनी झेपावले. थॉर्प क्षणभर थबकला, आणि ते दोघे एकमेकांवर आदळले. थॉर्प पुढे निघून गेला. शिक्षक अर्नेस्ट ग्रेव्ह्ज ह्यांना दोघांनाही बाहेर घ्यावे लागले. त्यानंतरच्या आठवड्यात टफ्ट्सविरुद्धच्या सामन्यात आयझेनहॉवरचा गुडघा दुखावला आणि त्याचे फुटबॉल कायमचे सुटले. थॉर्पची आठवण मात्र त्याने म्हातारपणापर्यंत काढली. त्याच्यासारखा खेळाडू आपण दुसरा पाहिला नाही असे तो म्हणे.

परंतु त्या दिवशीचे गुण पाहावेत. सामना २७ विरुद्ध ६ असा सुटला. कार्लाइलचे चार टचडाउन झाले. त्यांतील एक बर्जीचा आणि तीन अलेक्स अर्कासाचे. थॉर्पचा एकही नाही! त्याच्या खात्यावर लाथेचे गुण तेवढे पडले. थॉर्प जेथे जाई तेथे वेस्ट पॉइंटची माणसे जात, आणि त्यांनी सोडलेल्या मोकळ्या जागेतून अर्कासा जाई. क्वार्टरबॅक गस वेल्च हा हे सर्व पाहत होता आणि प्रत्येक डाव त्याप्रमाणे पुकारीत होता, कारण त्या काळी मैदानावर काय करावयाचे हे कडेचा शिक्षक नव्हे तर क्वार्टरबॅक ठरवी. ह्या सामन्यातील खरी पारख कोणाची असे विचारल्यास उत्तर वेल्च असेच द्यावे लागेल.

पुढे सांगणाऱ्यांनी ह्या सामन्याची कथा थॉर्पचीच करून टाकली. मैदानाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तो कसा धावला, तो डाव रद्द झाल्यावर लगेच दुसऱ्यांदा कसा धावला, अशा गोष्टी वाढत वाढत गेल्या. म्हणजे वेस्ट पॉइंटने सामन्याआधी जी गणती केली तीच इतिहासलेखकांनी सामन्यानंतर केली. अर्कासाचे नाव आज अमेरिकेतही किती जणांस ठाऊक असेल?

कार्लाइलचा विजयोत्सव मात्र आठवडाभरच टिकला. ता. १६ नोव्हेंबर रोजी त्यांची गाठ पेनसिल्व्हानिया विद्यापीठाशी पडली. त्या हंगामात आधी अनेक सामने गमावलेला हा संघ. कार्लाइल तो सामना ३४ विरुद्ध २६ असा हरले. सबंध वर्षातील तो त्यांचा एकच पराभव.

दुसऱ्याच वर्षी, १९१३ साली, थॉर्पची पदके काढून घेण्यात आली. काही उन्हाळ्यांत त्याने नॉर्थ कॅरोलायनात थोड्याशा पैशासाठी बेसबॉल खेळल्याचे उघडकीस आले होते. गोऱ्या महाविद्यालयांतील कित्येक मुले हेच नाव बदलून करीत. थॉर्पने नाव बदलले नव्हते, एवढाच फरक. वॉर्नरने आपल्याला ह्याची काहीच माहिती नसल्याचे सांगितले. पदके आणि मान परत मिळण्यास १९८२ साल लागले, तेही सहविजेता म्हणून. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले ते २०२२ साली. थॉर्प १९५३ मध्येच वारला होता. गायनने पुढे थॉर्पच्याच जोडीने व्यावसायिक खेळ केला.

वेल्चने मात्र आणखी एक पारख केली. शाळेचा कारभार, क्रीडानिधीचा हिशेब आणि वॉर्नरची खेळाडूंशी वागणूक ह्यांविरुद्ध त्याने विद्यार्थ्यांच्या दोनशेंहून अधिक सह्यांचा अर्ज तयार केला. १९१४ साली काँग्रेसच्या समितीने कार्लाइलला येऊन चौकशी केली. ज्या शिक्षकाच्या मांडणीने वेल्चने वेस्ट पॉइंटला हरविले होते त्याच्याविरुद्ध त्याने साक्ष दिली. शिवीगाळ, मारहाण आणि सामन्यांच्या उत्पन्नाची उधळपट्टी असे आरोप त्या साक्षींत आहेत. मोठमोठ्या विद्यापीठांनी वॉर्नरची किंमत त्याच्या विजयांवरून केली होती; त्याच्या हाताखाली चार वर्षे काढलेल्या मुलांनी ती दुसऱ्या मापाने केली. वॉर्नर १९१५ साली पिट्सबर्ग विद्यापीठात गेला आणि तेथेही जिंकत राहिला. कार्लाइलची शाळा १९१८ च्या सप्टेंबरात बंद झाली, आणि महायुद्धातील जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी सैन्याने ती बराक परत घेतली.